कंप्रेसरचा दिवा आणि बस्याचा डावा हात

आधीच सांगतो, आमच्या घरात भुताखेतांना प्रवेश नाही. वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. घरात कसलाही विचित्र आवाज आला की ते आधी स्क्रू-ड्रायव्हर शोधायचे, मग चष्मा. "आवाज आला म्हणजे कुठंतरी काहीतरी ढिलं झालंय," एवढंच त्यांचं म्हणणं. आम्ही बौद्ध. नवस, अंगारे, उतारे यातलं काही आमच्याकडे चालत नाही. बायको वैशाली झेडपीच्या शाळेत शिक्षिका आहे आणि या बाबतीत माझ्याहून कडक. मी हे इथे लिहितोय म्हटल्यावर म्हणाली, "लिही, पण माझं नाव घालू नकोस." घातलंय... कारण यातला निम्मा पुरावा तिच्याच हातचा आहे.

मी प्रकाश. सोलापुरात, बुधवार पेठेत राहतो. दिवसा कुरिअरच्या ऑफिसात काम, आणि गेली अठरा वर्षं आमच्या ऑर्केस्ट्रात इलेक्ट्रिक गिटार. जयंतीचे कार्यक्रम, लग्नं, मंडळांचे वर्धापनदिन. या अठरा वर्षांत कीबोर्डवर एकच माणूस होता, बसवराज. आमचा बस्या. लिंगायत, कुंभारीचा, तिथे त्याचं किराणा दुकान. घरात कानडी, बाहेर मराठी. आमच्या जयंतीत वाजवतो म्हणून त्याला त्याच्या भावकीनं काय काय ऐकवलंय ते मला माहीत आहे. तो हसायचा आणि कीबोर्ड टेम्पोत चढवायचा.

बस्याची एक खोड होती. लहानपणी दुकानाच्या शटरमध्ये त्याच्या डाव्या हाताचं एक बोट सापडलं होतं. त्यामुळे संथ गाण्यात डाव्या हातानं तीन ठोके द्यायचे असले की पहिले दोन वेळेवर यायचे आणि तिसरा किंचित मागं राहायचा. टक, टक... टक. आम्ही चेष्टा करायचो, पण सगळ्या ऑर्केस्ट्राला त्याच तिसऱ्या ठोक्याची सवय झालेली.

गेल्या वर्षी मी पुण्याहून कंप्रेसर पेडल मागवलं. कोरं, खोक्यातलं... जुन्या बाजारातलं वगैरे नाही, हे मुद्दाम सांगतो, नाहीतर तुमच्यापैकी कोणीतरी लगेच आधीचा मालक कोण होता म्हणून विचारणार. कंप्रेसर म्हटल्यावर वैशालीला वाटलं फ्रीज बिघडला. हे गिटारचं, पायाशी ठेवायचं एक छोटं खोकं असतं. तार जोरात वाजली तर आवाज दाबायचा, हळू वाजली तर उचलायचा, म्हणजे सूर एकसारखा आणि लांब राहतो. माझ्या पेडलवर एक बारीक दिवा आहे. एरवी हिरवा असतो, आवाज दाबला जात असेल तर लाल होतो. आणि लाल व्हायला आत काहीतरी जोरात वाजावं लागतं. एवढं लक्षात ठेवा.

पेडल आल्यापासून आमच्या दुसऱ्या गाण्यात काहीतरी खटकायला लागलं. संथ वंदनेचं गाणं आहे. त्यात मी एक सूर लांब धरून ठेवतो आणि खाली बस्याचे ते तीन ठोके. मी तार एकदाच छेडलेली, हात स्थिर... आणि माझा सूर मधेच दबायचा, पुन्हा वर यायचा, पुन्हा दबायचा. ऐकणाऱ्यांना वाटे गिटारवाल्याला दम लागलाय.

आता माझा स्वभाव. मला संशय लवकर येतो, आणि आला की जात नाही. आमच्या छोट्या ऑर्केस्ट्रात मिक्सर बस्याच्या शेजारीच असायचा, आवाज तोच कमीजास्त करायचा. आणि त्याच्या आदल्या महिन्यात चहा पिता पिता तो बोलून गेला होता, "आता कीबोर्डातच गिटार येतंय की पक्या. तू आपला गाणं म्हण." सगळे हसले, मीपण हसलो. पण ते डोक्यात राहिलं.

करमाळ्याच्या कार्यक्रमात मी खाली पेडलकडे बघितलं. सूर धरलेला आणि दिवा लाल, लाल... लाल. तिसरा जरा उशिरा. बस्याच्या बोटांबरोबर, अगदी जुळून. शेजारी मिक्सर, त्याचाच हात, अजून काय पुरावा पाहिजे? तेव्हा एवढंही सुचलं नाही, की गिटारचा आवाज आधी पेडलमधून जातो आणि मग मिक्सरमध्ये. तिथून आवाज कितीही दाबला तरी माझ्या पायाशी दिवा लागणार नाही.

सामान टेम्पोत चढवताना मी सगळ्यांसमोर त्याला धरलं.

"माझा आवाज का दाबतोस?"

"मी? येडा हायस का बे? बटनाला हात न्हाय लावला मी."

"मग लाल कसा होतो? आमचा माणूस पुढं आलेला बघवत नाही तुम्हाला. शेवटी जातीवर गेलासच ना?"

हे मी बोललो. अठरा वर्षं आमच्या जयंतीत वाजवणाऱ्या माणसाला. हातातली वायर गुंडाळून बस्यानं ती नीट पिशवीत ठेवली आणि पुढं ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला. नंतर तो कार्यक्रमाला आलाच नाही. कीबोर्डला दुसरा माणूस आला. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, मला वाटत होतं की चोर पकडला.

चार महिन्यांनी एका रविवारी, संध्याकाळी पाचच्या सुमारास, घरी बसलो होतो. गिटार, पेडल, छोटा ॲम्प्लिफायर, बस. मिक्सर नाही, कीबोर्ड नाही. सहज तोच सूर धरला.

लाल, लाल... लाल.

मी ॲडॅप्टर काढून बॅटरी घातली, वायर बदलली, फ्रीज आणि पंखा बंद केला. गिटार घेऊन मेव्हण्याच्या घरी गेलो. ऑफिसातून सुट्टी काढून रोज तपासलं. सकाळी काही नाही, दुपारी काही नाही, पाच ते सहाच्या मधे तेच तीन ठोके. दुसरा कुठला आवाज कानाला येत नाही, फक्त माझा सूर दबतो... जणू त्या खोक्यात अजून कोणीतरी वाजवतंय आणि ते फक्त खोक्यालाच ऐकू येतंय.

तुम्हाला वाटेल मी घाबरलो. नाही! मला वाटलं बस्यानं पेडल उघडून आत काहीतरी बसवलंय. मेकॅनिककडे नेलं, त्यानं माझ्यासमोर सगळं खोलून दाखवलं. कंपनीचं टाचणीएवढंही काही हललेलं नव्हतं. तरी माझा संशय जाईना. म्हटलं, रंगेहाथ पकडू.

पुढच्या रविवारी गिटार वैशालीच्या मांडीवर दिली. "पाच वाजता मोबाईलवर दिव्याचा व्हिडिओ सुरू कर. सूर विझला की ही जाड तार परत छेड. बाकी काही करू नकोस."

"रविवारी मला हेच काम राहिलंय," ती म्हणाली, पण बसली.

मी कुंभारीला बस्याच्या दुकानात. पाचला पाच कमी.

"या," तो म्हणाला. "बसा. चहा घेणार?"

या. बसा. अठरा वर्षांत त्यानं मला एकदाही अहो-जाहो केलं नव्हतं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. मी पोत्यावर बसलो. माझी नजर त्याच्या हातांवर, कुठं रिमोट वगैरे दिसतोय का म्हणून... हसू नका.

रिमोट नव्हता. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बस्या रस्त्याकडे बघत बसला होता आणि त्याचा डावा हात शेजारच्या ज्वारीच्या पोत्यावर होता. बोटं हलत होती. आवाज काहीच नाही, पोत्यावर कसला येणार? दोन ठोके, आणि तिसरा किंचित उशिरा.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पाच वाजून बारा मिनिटांनी एक आजी साबण घ्यायला आल्या. कुठला घ्यावा हे त्यांचं ठरेना. बस्या उठला, चार वड्या काढून दाखवल्या, कानडीत बराच वेळ समजूत घातली. सोळाला परत बसला आणि हात पुन्हा पोत्यावर गेला.

"कीबोर्ड वाजवतोस का हल्ली?" मी विचारलं.

"माळ्यावर हाय."

"मग हे काय?"

त्यानं स्वतःच्या हाताकडे बघितलं, जसा काही तो दुसऱ्याचाच आहे. "हे व्हय? ह्या टायमाला दुकान मोकळं असतंय. तुझा तो लांब सूर हाय की दुसऱ्या गाण्यातला... त्यो डोक्यात चालू होतोय. मग हात ऐकत न्हाय." मग एकदम सावरला. "चहा घ्या. निवायला लागला."

मला रडू आलं. म्हटलं, "बस्या, करमाळ्यात मी जे बोललो..."

"ते मी इसरणार न्हाय," तो शांतपणे म्हणाला. "खोटं कशाला बोलू? पण चहा घ्या."

चहा घेतला. व्हिडिओचं मी त्याला काही सांगितलं नाही.

घरी आलो तर वैशाली मोबाईल समोर ठेवून बसलेली. तिनं तो आधीच दोनदा बघितला होता. लाल, लाल... लाल. पाच बारापर्यंत तेच. मग थांबलं. तार छेडली की एकदा लाल आणि मग नुसता हिरवा, चार मिनिटं. पाच सोळाला पुन्हा सुरू. तिच्या मोबाईलच्या आणि त्या दुकानातल्या घड्याळात दहा-वीस सेकंदांचा फरक असेल, तो मी मान्य करतो.

"योगायोग असेल," ती म्हणाली. पण तेव्हापासून ती त्या गिटारला हात लावत नाही, झाडतानासुद्धा.

मी तेव्हापासून दर रविवारी पाचला तो सूर धरतो. बस्याला सांगितलेलं नाही. भीती वाटते, की कळल्यावर तो हाताकडे लक्ष देईल आणि हात थांबेल. अधूनमधून मीच फोन करतो. तो नीट बोलतो... 'बोला', 'ठेवतो मग', असं.

मागच्या रविवारी दिवा हिरवाच राहिला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. वायर तपासली, बॅटरी बदलली. मग नको नको ते मनात यायला लागलं. फोन लावला, कोणी उचलेना. परत लावला. तिसऱ्यांदा उचलला.

"काय बे पक्या! पोरीच्या शाळेत आलोय, गॅदरिंग हाय. काय झालं?"

काय बे.

"काही नाही. सहज केला."

"मग ठेव की! घरी गेल्यावर करतो."

त्या दिवशी अंधार पडेपर्यंत मी गिटार मांडीवर घेऊन बसलो होतो. सव्वासातला दिवा लाल झाला. लाल, आणि मग तिसरा, नेहमीसारखा जरा उशिरा. मोबाईल वाजला तो त्यानंतर. "पोचलो बे घरी. बोल."

हे काय आहे मला माहीत नाही. इथे इलेक्ट्रॉनिक्सवाले बरेच आहेत, कोणाला कळलं तर जरूर सांगा. फक्त पेडल उघडून बघायला मागू नका. आता मी ते कोणाच्या हातात देत नाही.