चुलीवरचा रेडिओ

त्या वेळी मला पोहता येत नव्हतं, वल्हं कोणत्या टोकाला धरतात ते माहीत नव्हतं, आणि नव्या नावेवर काय काय सामान असावं हे ठरवायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं. वय विशीच्या अलीकडचं, शिक्षण सातवी पास. पन्नासच्या दशकात सिरोंच्यात सातवी पास सुना मोजक्याच होत्या. त्यामुळे आमच्या बाईसाहेबांना वाटायचं, गोदावरीसुद्धा आपल्याला विचारूनच वाहते.

बाईसाहेब म्हणजे मीच. आता ती मला दुसऱ्याच कोणाची तरी पोरगी वाटते, म्हणून तिच्याबद्दल लिहिताना लाज वाटत नाही. उलट मजा येते.

माझं माहेर चांद्याजवळचं, धानवाल्यांचं. आमच्याकडे पाणी म्हणजे बांधीतलं, धानाच्या शेतातलं, फार तर पोटरीपर्यंत. सासर नाववाल्यांचं. तांदूळ, मिरची, छपराची कवेलू, जे मिळेल ते नावेत भरायचं, नदीनं खाली न्यायचं आणि येताना शीड लावून उलट्या पाण्यानं वर यायचं. घरात चार माणसं. सासूबाईंना मी अत्तम्मा म्हणायची, सासऱ्यांना मामय्या, कारण घरात तेलुगू चालायची. ती मला येत नव्हती. नवरा सोडला तर माझ्याशी मराठी बोलायचे ते मामय्याच; अत्तम्मांना ती जेमतेम यायची. मामय्यांचं मराठी कसं, तर "पाणी आला" आणि "माझा बायको रागावला". मी त्यांना सुधारायची आणि ते मुद्दाम पुन्हा चुकायचे.

एका पावसाळ्यात पाणी एकाएकी चढलं. नाव वर ओढून बांधायला म्हणून मामय्या गेले, आणि नावही गेली, तेही गेले. निरोप आला तेव्हा मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. अत्तम्मा उठून नदीकडे गेल्या, नवरा धावत गेला. मी उरलेले तांदूळ निवडून घेतले, खडे बाहेर टाकले, सूप जाग्यावर ठेवलं. मग उठले. रडू आलं नाही. नंतरही आलं नाही. मी काही दिवस त्याची वाट पाहिली आणि मग तेही विसरले.

घर तसंच चालू राहिलं. अत्तम्मा सकाळी नदीकडे तोंड करून बसायच्या आणि दुपारीही तिथेच असायच्या. नवरा पान खाण्यापलीकडे तोंड उघडत नव्हता. चूल मी पेटवायची. भात चौघांचा टाकायची. हाताला तीच सवय होती, आणि कोणी काही म्हणालं नाही. उरलेला भात दुसऱ्या सकाळी मीठ-मिरची लावून खायचा. हे वर्षभर चाललं.

पुढच्या पावसाळ्याअखेर नवी नाव तयार झाली. सागाची, रुंद पोटाची, मागच्या बाजूला बांबूच्या तट्ट्याचं छप्पर. घाटावर मेस्त्री तिच्या फटींत राळ भरत होता तेव्हा नवरा मला ती दाखवायला घेऊन गेला. छपराखाली मातीचा चौकोनी ओटा होता.

"ही नावेची चूल," तो म्हणाला. "घरच्या चुलीतला विस्तव इथी आणून ठेवा लागते. घरची बाई देते. तो दिला का नाव निघाली. त्याबिगर आमच्यात कोणी नावेवर पाय ठेवून जात नाई."

"बरं," मी म्हणाले.

"मग?" त्यानं विचारलं.

"अत्तम्मांना विचारा ना."

तो नुसता नदीकडे पाहत राहिला. मला वाटलं, आईला विचारायची त्याची हिंमत नाही. खरंही होतं. ज्या बाईचा नवरा नावेपायी गेला, तिच्याकडे दुसऱ्या नावेसाठी विस्तव कोण मागणार? पण वेळही नव्हता. कार्तिकात पाणी उतरायला लागतं, दगड वर येतात. त्याआधी नाव फेरी करून आली नाही तर हेही वर्ष गेलं. मग नाव विकायची आणि नवऱ्यानं जंगलाच्या ठेकेदाराकडे मुनशी म्हणून राहायचं. तसं बोलणं झालंच होतं.

तेव्हा बाईसाहेबांच्या सातवी पास डोक्यात विचार आला. अत्तम्मांना भीती आहे. भीती घालवली की त्या विस्तव देतील. आणि भीती कशानं जाते? सामानानं. नाव अशी सजवायची की तिला पाण्याची काय, परमेश्वराचीही भीती उरू नये.

माझा मोठा भाऊ बल्लारपूरला कागदाच्या कारखान्यात होता आणि त्याला यंत्रांचं वेड. मी त्याला कळवत गेले आणि तो लॉरीवाल्यांच्या हाती वस्तू पाठवत गेला. आधी मोठा टॉर्च आला. मग लॉरीच्या चाकाची ट्यूब, हवा भरून बुडत्या माणसाला टाकायची. ती मी ओसरीवर फुगवून अत्तम्मांपुढे ठेवली आणि वर बसून दाखवलं. ओसरीवर मी बुडाले नाही. अत्तम्मांनी ट्यूबकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा नदीकडे पाहिलं.

मग मोटारीचा भोंगा आला, रबरी फुग्याचा. मग होकायंत्र. त्यात उत्तर कुठे ते कळतं. गोदावरीत नावेला वर जायचं असतं नाही तर खाली, पण आमच्याकडे आता उत्तरही होती.

नवरा प्रत्येक वस्तू मुकाट्यानं नावेवर नेऊन ठेवायचा. एकदाच म्हणाला, "अजून काही पायजे का तुले?"

"रेडिओ," मी म्हणाले.

"रेडिओ काऊन व?"

"वरच्या अंगाला पाऊस पडला की बातमीत सांगतात. आधी कळलं असतं तर..."

पुढचं मी बोलले नाही. तो म्हणाला, "आणू मंग." तेव्हा मला त्याचं आश्चर्य वाटायला हवं होतं. हा माणूस दोर घ्यायचा तरी दहांदा ओढून पाहणारा, आणि माझ्या रेडिओला एका शब्दात हो म्हणतो! पण आश्चर्य वाटायचं खातंही त्या वर्षी बंदच होतं.

रेडिओ आला तो गवतात गुंडाळून, विटेएवढ्या वेगळ्या बॅटरीसह. भावानं येणाऱ्या माणसाबरोबर सांगून पाठवलं होतं, की एरियलची तार उंच आणि लांब बांध, आणि अर्थिंगची तार ओल्या जागी सोड. ओल्या जागेची चणचण नव्हतीच. अर्थिंगची तार मी सरळ गोदावरीत सोडली. एरियल डोलकाठीच्या टोकापासून मागच्या छपरापर्यंत ताणली. राहिली पेटी. तिला पाणी लागायला नको. नावेत पाण्यापासून वरची, कोरडी, सपाट जागा एकच, ती म्हणजे चुलीचा ओटा. चूल काय, कुठेही मांडता येते, असा विचार करून मी रेडिओ त्यावर ठेवला. मेस्त्रीनं तोंड उघडलं होतं, पण नवऱ्यानं मान हलवली तसं मिटलं.

काटा फिरवला. खरखर, खरखर, आणि मग हैदराबादहून एक माणूस स्वच्छ तेलुगूत बोलायला लागला. घाटावर कपडे धुणाऱ्या बाया पिळे टाकून आल्या. कोळी जाळं खांद्यावर तसंच घेऊन उभे. मी अत्तम्मांना हाताला धरून आणलं होतं. एवढ्या दिवसांत त्या पहिल्यांदाच नावेजवळ आल्या होत्या.

"काय सांगतो तो?" मी नवऱ्याला विचारलं. "पाऊस सांगतो?"

"भुईमुगाचा भाव सांगून राह्यला."

बाया हसल्या. मी नाही हसले. मेस्त्रीला म्हटलं, "आता शीड लावून दाखवा. अत्तम्मांना सगळी नाव पाहू द्या."

मेस्त्रीनं दोर ओढला. शीड अर्ध्यावर चढलं आणि वरचा बांबू माझ्या तारेला अडला. मेस्त्री समजला दोर अडकला, त्यानं जोर लावला. तार टणकन तुटली, भुईमूग बंद झाला आणि शीड वाकडं होऊन मेस्त्रीच्याच डोक्यावर पसरलं.

आतून त्याचा आवाज आला, "बाई, एक काय ते सांगा! शीड लावाचं का रेडिओ लावाचा?"

"खाली बांधता येणार नाही का तार?" मी.

"खाली बांधा ना. मंग मानसं उभी कुठी राह्यतीन? का सगळेच ट्यूबवर बसून जातीन?"

घाट खदखदत होता. नवरा मात्र नाही. तो तुटलेल्या तारेची दोन टोकं हातात घेऊन उभा होता. म्हणाला, "शीड राहू दे, मेस्त्री. तिले रेडिओ पायजे."

मेस्त्री शिडाखालून बाहेर आला. "भाऊ, शीड राहू दे? उलट्या पान्यानं वर कसा येशीन?"

"येईन. ओढून आणीन. तिले जे पायजे ते राहू दे."

तेव्हा अत्तम्मा बोलल्या. वर्षभरात मी त्यांचा इतका आवाज ऐकला नव्हता.

"पिल्ला," त्या मला म्हणाल्या. म्हणजे पोरी. "अजून काय काय आणते तू? आन ना, आन. मग विस्तव कधी देते?"

मला वाटलं, त्यांच्या मराठीची गडबड झाली. म्हटलं, "अत्तम्मा, विस्तव तुम्ही द्यायचा. मी तर तुमच्यासाठीच हे सगळं..."

"मी कुठून देऊ?" त्यांनी दोन्ही हात उघडे करून दाखवले. "माझ्याकडे विस्तव हाय का? साल झाला, चुलीपाशी मी गेली नाही. चूल कोण पेटवते? ज्याच्या हाताने पेटते, तो देते. वय पाहून नाही देत."

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो खाली पाहत होता. म्हणाला, "मले वाटलं तुले माहीत हाय. मले वाटलं तू नाई म्हणून राह्यली. म्हणून जे मांगलं ते आणत गेलो."

म्हणजे अख्खं गाव माझी वाट पाहत होतं आणि मी अत्तम्मांना भोंगा वाजवून दाखवत होते. आता सांगताना हसू येतं. तेव्हा आलं नाही. मेस्त्री शिडाची घडी घालायला लागला, बाया हळूहळू आपल्या पिळ्यांकडे गेल्या. होकायंत्र माझ्या हातात होतं. ते मी परत नावेत जाग्यावर ठेवलं.

घरी येताना नवरा म्हणाला, "मनात नसन तं नको देऊ. इकून टाकू नाव. मी कोनाले काई बोलनार नाई."

म्हणजे नाही म्हणायची मुभा होती. मी मनात शोधून पाहिलं, तिथे काय आहे ते. भीती असेल म्हणून शोधली, राग असेल म्हणून शोधला. हाती काही लागलं नाही. एक कळलं. इतके दिवस सामान जमवलं ते अत्तम्मांच्या भीतीसाठी, असं मी स्वतःला सांगत होते. अत्तम्मांनी तर एकदाही भीती वाटते असं म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी उठले. चूल पेटवली. रोज पेटवते तशीच, काही मंत्रबिंत्र नाही. भात उतरवला. चुलीत चांगले निखारे पडले होते. बाजूला फुटक्या मडक्याचं बूड होतं, त्यात राख पसरून निखारे घेतले आणि घाटावर निघाले. नवरा मागे आला. अत्तम्मा ओसरीवरूनच पाहत होत्या. त्या आल्या नाहीत.

नावेवर चढले, तर ओट्यावर रेडिओ. हातात विस्तव, खाली ठेवायला जागा नाही. नवरा पुढे झाला. मी म्हटलं, "थांबा. मी ठेवला, मीच काढते. तुम्ही हे धरा."

त्यानं खापर धरलं. मी रेडिओ उचलून काठावर नेला. बॅटरी नेली. मग भोंगा काढला, होकायंत्र काढलं. टॉर्च राहू दिला, घरात त्याचं काही काम नव्हतं.

"ट्यूब?" नवऱ्यानं विचारलं.

"ती राहू द्या."

"मेस्त्री हसते तिले."

"हसू द्या. राहू द्या ती."

मग ओट्यावर निखारे ओतले, दोन काटक्या ठेवल्या, फुंकर घातली. पेटलं. मी उतरले. नवऱ्यानं आणि त्याच्या गड्यांनी नाव ढकलली, शीड वर गेलं, या वेळी कशालाच अडलं नाही. वळणापर्यंत दिसत होती. मी हात वगैरे हलवला नाही. बोटांवर फोड आले होते, ते घरी आल्यावर दिसले.

रेडिओ पुढे घरीच लागला. एरियल ओसरीपासून कडुलिंबापर्यंत बांधली. अत्तम्मांनी पहिल्याच आठवड्यात तिच्यावर लुगडी वाळत घातली. मी सांगून पाहिलं की तारेवर ओलं लुगडं असलं की हैदराबाद नीट ऐकू येत नाही. त्या म्हणाल्या, "मग वाळल्यावर ऐक."

पण ते नंतरचं. त्या दिवशी मी घाटावरून परत आले तेव्हा अत्तम्मा तशाच ओसरीवर होत्या.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

त्या उठल्या आणि स्वयंपाकघरात आल्या. वर्षानंतर. चुलीपाशी बसल्या नाहीत, दाराशी टेकून उभ्या राहिल्या. सकाळचा भात चौघांचा होता. नवऱ्यानं डब्यात आपला नेला होता. मी दोन ताटं मांडली, वाढलं, तरी भांड्यात एकाचा भात उरला.

अत्तम्मा भांड्याकडे पाहत होत्या. म्हणाल्या, "उद्या दोघींचाच टाक."

मी बरं म्हटलं. दुसऱ्या सकाळी दोघींचा टाकला. तो बरोबर झाला.