जोथम रीडचं पत्र, केझायाच्या तोंडून

केझाया लूमिस आमच्या कुंपणापलीकडे राहते. वय एक्क्याऐंशी, दात चार, आणि आवाज असा की रविवारी पाद्रीबुवा पुटपुटायला लागले की मागच्या बाकांवरचे लोक आशेने तिच्याकडे बघतात. बुवांचं पुस्तक ओढून घेऊन हीच पुढचं वाचून टाकेल तर बरं, असं सगळ्यांच्या मनात असतं. मी पिंपं बनवतो. गावात माझं नाव पिंपांपेक्षा चहाड्यांसाठी जास्त आहे आणि ते मी नाकारत नाही. पण आज लिहितोय ती चहाडी नाही. म्हणजे थोडी आहे, पण चांगल्या माणसाची आहे.

केझायामावशीचे वडील आमच्या टॉलो हिल गावच्या पंचायतीचे कारकून होते. त्यांची नजर गेली तेव्हा मुलगी अकरा वर्षांची होती. गावचे ठराव, जमिनीचे कागद, गव्हर्नरांची फर्मानं हे सगळं तिने त्यांना मोठ्याने वाचून दाखवायचं. असं करत ती हातचं लिखाण वाचायला शिकली. त्या काळी आमच्या बायकांना छापील बायबल वाचता येत असे, पण शाईने लिहिलेलं पत्र म्हणजे त्यांना पीठ सांडलेल्या ओट्यावरून कोंबडी चालत गेल्यासारखं दिसे. त्यामुळे अमेरिकेच्या स्वातंत्र्याची लढाई सुरू झाली, गावचे एकतीस पुरुष इंग्रजांशी लढायला गेले आणि छावणीतून पत्रं येऊ लागली, तेव्हा ती वाचायला गावात उरली एकटी केझाया. वय वीस.

पत्र आलं की बायका सराईच्या ओसरीवर जमत. छावणीचं पत्र कुणा एकीचं नसे. एकीच्या नवऱ्याच्या पत्रात दुसरीच्या भावाची खबर असे, म्हणून सगळ्यांनी मिळून ऐकायचं, अशीच पद्धत होती. केझाया पायरीवर उभी राहून वाचायची. तिचा एक नियम होता आणि तो तिने कधी मोडला नाही. कर्नलचं, कॅप्टनचं, पंचायतीचं, म्हणजे शिक्क्याचं पत्र असेल तर एक अक्षर इकडचं तिकडे करायचं नाही. मेला म्हणजे मेला, पळाला म्हणजे पळाला. घरचं पत्र मात्र ती जरा सावकाश वाचायची.

त्या सावकाशीचा अर्थ मला माझ्या आईने सांगितला. "तुझा बाप पत्रात इतका गोड होता म्हणून सांगू," ती म्हणायची. "मी वाट बघत बसले. परत आला तर दारातच विचारतो, डुक्कर कुठाय. मला वाटलं, सैन्याने चुकून दुसऱ्याचाच नवरा पाठवला."

गावातल्या बऱ्याच घरांत असंच झालं. माणसं परतली, आणि आपली पत्रं कुणी गोड केली ते बायकांना हळूहळू उमगलं. कुणी काही बोललं नाही. काही नवऱ्यांना म्हणे पत्रातल्यासारखं वागावं लागलं, निदान सुरुवातीचे दिवस. टॅमझिन रीडचा नवरा मात्र परतलाच नाही. म्हणून तिचं पत्र खरं राहिलं.

टॅमझिनकाकूचं ते पत्र गावाला पाठ आहे. गोधड्या शिवायला बायका बसल्या, सफरचंदं सोलायला बसल्या, की ती म्हणणारच. जोथम लिहितो: झोपडीत आडवा पडलो की छपराचे वासे मोजतो. सतरा आहेत. सतरा मोजून झाले की तुझं नाव घेतो, मग झोप लागते. तुझ्या हातच्या मक्याच्या भाकरीबद्दल इथे सगळ्यांना सांगितलंय, पण कुणाचा विश्वास बसत नाही. मुलगी झाली तर तुझ्यासारखी भांडखोर होऊ दे.

मुलगीच झाली. भांडखोरही झाली. आता ती ओहायोत भांडते. काकूने पुन्हा लग्न केलं नाही, आणि मागणी घालायला आलेल्या दोघांना हेच पत्र ऐकवून परत पाठवलं. पत्राचा कागद ती बायबलच्या पेटीत ठेवायची आणि कुणाला हात लावू देत नसे. "वाचायला कशाला हवं," म्हणायची. "मला येतं ना."

गेल्या वर्षी सरकारने त्या लढाईतल्या शिपायांच्या विधवांना निवृत्तिवेतन द्यायचं ठरवलं. अट एकच, नवरा फौजेत होता हे सिद्ध करा. जोथमच्या तुकडीचा हजेरीपट केव्हाच जळाला होता. उरलं होतं ते पत्र, आणि त्याच पेटीतलं कॅप्टनचं, मृत्यूची खबर देणारं. न्यायाधीश पुढच्या महिन्यात सराईच्या माडीवर बसणार, जोथमचं पत्र सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं जाणार, वाचणारी साक्षीदार शपथेवर सांगणार, आणि मग मूळ कागद वॉशिंग्टनला जाणार, असं न्यायालयाच्या कारकुनाने येऊन सांगितलं.

त्याच दिवशी दुपारी केझायामावशी माझ्या कारखान्यात आली आणि उलट्या पिंपावर बसली.

"झीनस, तुला एक सांगायचंय."

"मला? अख्ख्या गावात?"

"तुलाच. तू कुणाला सांगितलंस तरी तुझ्यावर कोण विश्वास ठेवतंय?"

मी पट्टी ठोकायची थांबवली. मग तिने सगळं सांगितलं. मार्च महिन्यात सार्जंट टकर रजेवर आला तो दोन पत्रं एकत्र बांधून घेऊन आला. एक जोथमचं, एक कॅप्टन प्रॅटचं. त्या दिवशी ओसरीवर टॅमझिन एकटीच होती, पोट आठ महिन्यांचं. सवयीने केझायाने शिक्क्याचं पत्र आधी फोडलं आणि मनातल्या मनात वाचलं. जोथम फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला तापाने गेला होता. टॅमझिनने विचारलं, काय लिहिलंय. केझायाने ते पत्र खिशात घातलं, म्हणाली हे कॅप्टनचं, पंचायतीसाठी आहे, आणि जोथमचं उघडलं.

"त्यात काय होतं?"

"बूट," मावशी म्हणाली. "लाल गाय वीक आणि बूट पाठव. बायकोसाठी एक शब्द नाही, झीनस. एक नाही. मेलेला माणूस बूट मागत होता, आणि ही माझ्याकडे बघत होती."

"मग तू वासे मोजलेस."

"सराईच्या ओसरीचे. सतराच आहेत. जाऊन मोज."

तीन दिवसांनी तिने खिशातलं ते कॅप्टनचं पत्र आत्ताच दुसरं आलं असं सांगून वाचून दाखवलं, एकही अक्षर न बदलता.

मी माझ्या अकलेप्रमाणे सल्ला दिला. म्हटलं, न्यायाधीश तरुण आहेत, त्या जुन्या अक्षरात त्यांचं डोकं फिरेल, वाचायला तुलाच सांगतील. तू वासेवालं वाच. कोण बघतंय?

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मीच गाय विकून आलोय. "हे सरकारी काम आहे," म्हणाली.

"अगं, पण टॅमझिनकाकू?"

"तेच तर," एवढं बोलून ती उठली. दारापर्यंत जायला तिला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

तिला काकूला आधीच सांगता आलं असतं. दोनदा ती शेजारीच काकूच्या फाटकापर्यंत गेली, हे मी खिडकीतून पाहिलं. दोन्ही वेळा काकू आतून मोठ्या आनंदाने म्हणाली, "केझाया, आता वॉशिंग्टनलासुद्धा कळेल गं माझा जोथम काय लिहायचा," आणि मावशी हवापाण्याचं बोलून परत आली. एवढी धीट बाई, पण तिथे तिची जीभ वळली नाही. यात मला तिची थट्टा करावीशी वाटत नाही. बाकी सगळ्यात वाटते.

ठरल्या दिवशी सराईची माडी भरली. काकू पुढच्या खुर्चीत होती, काळ्या टोपीत, मांडीवर पेटी. न्यायाधीश कोल यांनी पत्र उजेडाला धरलं, उलटं केलं, पुन्हा सुलटं केलं. "हे वाचणार कोण?"

"मी, साहेब," केझायामावशी उभी राहिली. "मीच वाचलं होतं."

तिने शपथ घेतली. पत्र हातात घेतलं आणि एकदा काकूकडे पाहिलं. मग त्याच पायरीवरच्या आवाजात, जसं होतं तसं वाचलं.

बायकोस. मी जिवंत आहे. पायात काही नाही. बूट गेले, घोंगडीच्या चिंध्या बांधतो. कॅप्टन प्रॅट म्हणतात बूट येतील, ते डिसेंबरपासून म्हणताहेत. लाल गाय वीक आणि सार्जंट टकरच्या हाती बूट पाठव. उशीर नको. भावाला म्हणावं माझी कुऱ्हाड वापरू नको, त्याला धार लावता येत नाही. जोथम रीड. वीस जानेवारी.

 न्यायाधीश खूश झाले, कारण पत्रात कॅप्टनचं नाव होतं, महिना होता, छावणीची अवस्था होती. पुरावा म्हणून याहून चांगलं पत्र मिळालं नसतं. त्यांना बिचाऱ्यांना काय माहीत.

काकू हळूहळू उठली. "बूट?" ती म्हणाली. "त्याने बूट मागितले होते?"

"हो," मावशी म्हणाली.

"आणि तू मला सांगितलं नाहीस."

"नाही."

"मी गाय विकली असती, केझाया. त्याच दिवशी. मी स्वतः चालत गेले असते."  "अनवाणी मेला तो. तू मला वासे मोजून दाखवलेस, आणि तो तिकडे अनवाणी."

मला वाटलं, आता मावशी सांगेल की तो तेव्हा आधीच गेला होता. ती नुसती उभी राहिली, हात खाली, शाळेत छडीची वाट बघणाऱ्या पोरीसारखी. मी अर्धा उठलो होतो, पण शेजारच्या लोहाराने माझा कोट धरून मला खाली बसवलं. मी काही बोललो तर थट्टाच होणार, अशी त्याची खात्री.

बोलले ते न्यायाधीश. त्यांच्यापुढे दुसरा कागद होता, कॅप्टनचा. तो मात्र सुवाच्य होता. "बाई, जरा थांबा. या पत्रात तुमचे पती पहिल्या फेब्रुवारीला वारले असं आहे. ही पत्रं गावात केव्हा आली?"

काकूला कळायला वेळ लागला. "मेपलचा पाक काढत होतो आम्ही," ती म्हणाली. "बर्फ वितळत होतं."

"म्हणजे मार्च. त्या दिवशी बूट पाठवून काही उपयोग नव्हता, बाई. आणि ही दोन्ही पत्रं एकाच दोरीत बांधलेली दिसतात, घड्या तशाच आहेत."

काकूने मावशीकडे पाहिलं. "तुला माहीत होतं."

"हो."

"वाचताना."

"हो, टॅमझिन."

काकूने शाल आवरली, पेटी उचलली आणि जिना उतरून निघून गेली. मागे कारकुनाने मावशीची साक्ष लिहून काढली आणि सहीसाठी लेखणी पुढे केली. मावशीने खाली एक फुली काढली.

कारकून चाट पडला. "आत्ता तर घडाघडा वाचलंत."

"मला वाचायला शिकवलं होतं, बाबा. लेखणी पुरुषांची. माझ्या वडिलांना दिसत नव्हतं, तरी ती त्यांनी स्वतःकडेच ठेवली."

पुढचे बारा दिवस दोन्ही घरांची दारं बंद होती. एरवी या दोघी रोज सकाळी कुंपणाशी एकमेकींचा पाणउतारा करतात, आणि तो ऐकल्याशिवाय माझा नाश्ता पचत नाही. मी दोन पिंपं वाकडी बनवली. मावशी दिवसभर खिडकीत विणत बसायची आणि संध्याकाळी तेच उसवायची. गावात लोक बोलले, बोलणारच, पण एक गोष्ट मी ऐकली ती सांगतो. म्हाताऱ्या बायका एकेक करून आपापल्या पेट्यांमधून जुनी पत्रं काढत होत्या, हातात धरत होत्या आणि कुणालाही वाचायला न देता परत ठेवत होत्या.

तेराव्या दिवशी कारकून मूळ कागद न्यायला आला. काकूने दोन्ही पत्रं त्याच्या हातात दिली. मग ती सरळ माझ्या कारखान्यात आली. "झीनस, कागद घे, शाई घे, आणि चल. आणि वाटेत बडबड करू नकोस."

तिने मला केझायामावशीच्या स्वयंपाकघरात नेलं. मावशी चुलीपाशी होती. उठली नाही.

"त्याचं पत्र सरकारने नेलं," काकू टोपी सोडत म्हणाली. "नेऊ दे. बूट त्यांनीच द्यायचे होते, तर वाचू देत ते आता. माझं पत्र अजून कुठे लिहिलेलंच नाही, म्हणून याला आणलंय. बस, केझाया, इकडे बस. काही राहिलं तर सांग."

मी टेबलाशी बसलो आणि लिहायला लागलो. काकू सांगत होती, मावशी मधेमधे दुरुस्ती करत होती.

"तुझं नाव घेतो आणि झोप लागते."

"मग झोप लागते," मावशी म्हणाली.

"मग झोप लागते. लिही. पुढे. शेजारच्या केझायाला सांभाळ. नाक नको तिथे खुपसते, पण तिच्याविना तुझं चालायचं नाही."

माझी लेखणी थांबली. मावशीने शालीच्या टोकाने चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"हे मी वाचलं नव्हतं, टॅमझिन."

"तू एकदाच वाचलंस," काकू म्हणाली. "मी एकोणसाठ वर्षं ऐकतेय. लिही रे तू."