शुक्रवारचा दिवा

पायलला लहानपणापासून एकच स्वप्न पडायचं. छताला टांगलेला काचेचा दिवा, त्यात तळाला पाणी, वर खोबरेल, आणि तेलावर तरंगणारी वात. खोली नाही, भिंती नाहीत, नुसता तो दिवा. डोंबिवलीत आईच्या देवघराशेजारी झोपून पोरगी ठाण्यातल्या आत्याच्या दिव्याची स्वप्नं बघायची, आता बोला!

तर हिचे बाबा बेने इस्रायल, म्हणजे पिढ्यान् पिढ्या मराठी बोलणारे आपल्याकडचे ज्यू. आई हिंदू, कल्याणची. घरात गणपतीही यायचा आणि बाबांचे उपासही पाळले जायचे. कुणाचं काही अडत नव्हतं. उठाठेव लोकांनाच. "म्हणजे तू नक्की कोण गं?" कॉलेजात विचारलं, घोडबंदरच्या ऑफिसात विचारलं. पायल हसून "दोन्ही" म्हणायची. रिबकाआत्यासमोर मात्र ते हसू टिकायचं नाही. "मूल आईच्या धर्माचं," आत्या म्हणायची. "नियम मी नाही केलेला."

आता आत्या कायमची इस्रायलला, मुलाकडे निघाली होती. भांडीकुंडी वाटून झाली. दिवा कुणाला, ते काही तिने सांगितलं नव्हतं. पायलला तो हवा होता, अगदी जीव तुटेपर्यंत हवा होता, पण मागायला तोंड उघडत नव्हतं.

दर शुक्रवारी सांजेला हा दिवा लागला की शब्बाथ सुरू, मग शनिवारभर कामाला हात लावायचा नाही. शेवटच्या शुक्रवारी ऊन कललं तशी आत्या स्टुलाकडे बघून म्हणाली, "माझे गुडघे गेले. तू लाव. आणि तेल नीट ओत हो, आपण शनिवार तेली." शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावाने पाडलेलं ते जुनं नाव. पायलने त्यातलं 'आपण' तेवढं ऐकलं.

वात पेटली. खिडकीतून समोरच्या तळ्यावरचा वारा आला, ज्योत वाकली, पुन्हा सरळ झाली. भिंती पिवळ्या प्रकाशात विरघळल्या आणि पायल जागेपणीच त्या स्वप्नात शिरली. हातांनी डोळे झाकायचे, प्रार्थना पुटपुटायची, सगळं पाठ होतं तिला. आणि बाईसाहेबांनी काय करावं? आईच्या सांजवातीसमोर जोडतात तसे हात जोडले आणि वाकून नमस्कार केला!

भानावर आली तेव्हा तिचं तोंड एवढंसं झालं. गेला दिवा, असं वाटून डोळे भरून आले.

आत्या म्हणाली, "माझी आई असंच करायची. आधी हात जोडायची, मग डोळे झाकायची. शेजारच्या गोदूबाईंचं बघून सवय लागलेली. तुझ्याएवढी असताना मी तिला चारचौघांत टोकलं. परत कधी जोडले नाहीत तिने."

पायलने डोळे झाकले आणि राहिलेली प्रार्थना म्हटली. झाल्यावर काचेवर उडालेलं तेल पुसायला तिने हात पुढे केला.

"आता हात नाही लावायचा, शब्बाथ लागला," आत्या म्हणाली. "रविवारी ये न्यायला. आणि काच गुंडाळायला तुझ्या आईची एखादी मऊ जुनी साडी आण."