ऐलय्याची उजवी मांडी

ऐलय्या गौड ताडावर चढायला लागला की मी वर बघायचंच टाळायची. कमरेला दोराचा फास, पाठीला मडकी आणि दोन्ही मांड्यांनी खोड आवळत तो सरसर वर जायचा. खाली उतरला की मला चिडवायचा, "राजव्वा, माझ्या मांड्या शाबूत आहेत तोवर तुझे हरभरे खपणार." खोटं नव्हतं ते. ताडीच्या मांडवाशेजारी मी उकडलेले हरभरे विकते. ताडी नसेल त्या दिवशी माझ्या टोपलीकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

दसऱ्याच्या तोंडावर ऐलय्या निम्म्या झाडावरून खाली आला. उजव्या मांडीचं हाड मोडलं. जिल्ह्याच्या दवाखान्यात आत सळई घातली, टाके घातले, आणि घरी पाठवताना सांगितलं की उद्यापासून पाय हलवायचा, वॉकर धरून उभं राहायचं. हे सगळं त्याच्या बायकोनं, पोचव्वानं, ऐकलं आणि दवाखान्याच्या पायरीवरच सोडून दिलं.

आमच्याकडे जखम झाली की पथ्य. डाळ नाही, अंडं नाही, मटण नाही. खाल्लं तर जखमेत पू होतो, असं आमच्या आज्या सांगत आल्या. टाके वाळेपर्यंत घरोघरी पाळतात. पण पोचव्वाला भीतीनं असं धरलं होतं की टाके वाळले, खपली गेली, तरी तिचं पथ्य काही सुटेना. पेज, मीठ आणि लिंबाचं लोणचं, बस्स. नवऱ्याला खाटेवरून पाय खाली टेकवू देईना. हातानं भरवायची, पाठीला हात घालून उठवायची, सगळं जागेवरच. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, नवऱ्याची सेवा करावी तर पोचव्वानं.

मी एकदा दोन उकडलेली अंडी घेऊन गेले. तिनं वाटी माझ्या हातात परत दिली.

"वदिना, आता कसलं पथ्य? जखम कधीच भरली," मी म्हटलं. पोचव्वाला मी वदिना, म्हणजे वहिनी, म्हणते.

"तुझं काय जातंय? पू झाला तर पाय कापतील. तू येणार आहेस सांभाळायला?"

"पाय ठेवलायस तरी कशाला मग? शिंक्यावर टांगायला?"

त्यावर ती आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मला राग आला होता आणि अजूनही येतो. माया आंधळी झाली की तिच्यासमोर कुणाचं काही चालत नाही.

संक्रांतीला ती आपणहून माझ्या दारात आली. चेहरा उतरलेला. "राजव्वा, जरा येऊन बघ. त्यांच्या पायाला कुणीतरी काहीतरी केलंय."

तिनं पांघरूण बाजूला केलं. डावी मांडीही उतरली होती, पण उजवी बघवेना. माझ्या दंडाएवढी झालेली, कातडी सैल, गुडघा तेवढा मोठा दिसत होता. ऐलय्या भिंतीकडे तोंड करून पडला होता. "मांडीला सांगतो, पाय उचल, तर ऐकतच नाही," तो म्हणाला. "अन्ना, उठ, गाडी बोलावते," मी म्हटलं. पोचव्वाला उतारा काढायचा होता. मी तिला काढू दिला आणि मग दोघांना रिक्षात घातलं.

डॉक्टरांनी गुडघ्यावर छोटा हातोडा मारला, पावलाला टाचणी टोचली. ऐलय्यानं पाय आखडून घेतला तेव्हा त्यांचा चेहरा सैल झाला. शीर तुटलेली नव्हती, हाडही जुळलं होतं. शीर गेली असती तर गोष्ट वेगळी होती, म्हणाले. हे स्नायू नुसते न वापरल्यानं आणि उपाशी राहिल्यानं वितळलेत. शरीर बिनकामाचं मांस पोसत नाही, स्वतःच खाऊन टाकतं. औषधाची बाटली नाही, इंजेक्शन नाही. व्यायाम आणि खाणं, आणि तेही महिनोन् महिने.

व्यायाम शिकवणाऱ्या स्वरूपा मॅडमनी गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायला लावली. मग पाय सरळ उचलणं, मग खुर्चीतून उठणं, पुढं घोट्याला वाळूची पिशवी. रोज डाळ, अंडी, जमेल तेव्हा मासे. "आणि आई, तुम्ही त्यांना उचलायचं नाही," त्या पोचव्वाला म्हणाल्या. "तुम्ही उचललंत की तेवढं काम त्यांच्या मांडीचं बुडतं. ताण बसेल, दुखेल. एकदम कळ आली किंवा सूज आली तर मात्र थांबायचं."

घरी आल्या आल्या पोचव्वानं चुलीवर डाळ चढवली.

उगादीला, म्हणजे पाडव्याला, ताडाच्या झाडांची वाटणी असते. जो चढेल त्याची झाडं. ऐलय्याच्या झाडांची ताडी तोवर मल्लेशम काढत होता, चांगला पोरगा, पण वाटणीत एकदा नाव लागलं की वर्षभर झाड परत मागता येत नाही. ऐलय्या काठी टेकत आला. मांडी थोडी भरली होती, अर्धीमुर्धी. दोर खांद्यावर. ताडी काढणारे सगळे गौड बघत राहिले.

चढण्याआधी ताडाच्या बुंध्याशी उकिडवं बसून यल्लम्मेला हात जोडायचे, ही रीत. ऐलय्यानं काठी बाजूला ठेवली, बसला, हात जोडले. आणि उठायला गेला तर उठवेना. मांडी थरथर कापायला लागली. पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच. मल्लेशम हात द्यायला पुढे झाला.

"हात लावू नका," पोचव्वा मागून म्हणाली.

लोक तिच्याकडे वळून बघायला लागले. मल्लेशमचा हात तसाच राहिला. ऐलय्यानं खोडाला मिठी मारली, दात आवळले, आणि इंच इंच करत वर आला. घामानं डबडबला होता. खोडाला टेकून तो जरा वेळ उभा राहिला. मग दोर खांद्यावरून काढून त्यानं मल्लेशमच्या हातात दिला. "तुझं नाव लाव. यंदा मला नाही जमायचं."

त्या झाडांवर त्याचे वडील चढले होते.

घरी जाताना तो पुढे, पोचव्वा दोन पावलं मागे, मी तिच्याबरोबर. चढावर तो थांबला आणि मांडी धरून उभा राहिला.

"दुखतंय?" तिनं विचारलं.

"जळतेय नुसती."

तिचे हात पुढे झाले होते. तिनं ते मागे घेतले, पदरात गुंडाळले.

"दुखू द्या," ती म्हणाली, आणि तो पडल्यापासून पहिल्यांदाच, भर रस्त्यात, रडायला लागली.