सपाट जगातला मिस्त्री

नवी भिंत दिसली की ते आधी डावा डोळा मिटायचे. मान किंचित कललेली, ओठ दाबलेले, एक पाय पुढे. तीन-चार सेकंद तसे उभे राहायचे आणि निकाल द्यायचे, "सूतभर गेली." मग कुणीतरी ओळंबा सोडायचं आणि भिंत खरोखरच सूतभर गेलेली असायची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. एवढा फरक डोळ्याला दिसू शकतो यावर माझा विश्वास नव्हता. त्यांच्यासोबत दोन महिने काढल्यावर बसला.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बांधकामावरून जाताना वर पाहिलं की एखादा तरी दिसतो. हेल्मेटच्या खाली दुपट्टा, खिशात चपटी पेन्सिल, आणि आजूबाजूचे सगळे ज्याच्या तोंडाकडे बघून काम करतात असा. आमच्या साईटवर त्यांना सगळे नुसतं मिस्त्री म्हणायचे. मीही तेच म्हणायची.

आमचं ऑफिस सदरला आणि बांधकाम उमरेड रोडला, पाच मजली. मी तिथं नवी इंजिनिअर होते. पहिल्याच आठवड्यात मी सगळ्यांसमोर एका बीमचं माप चुकीचं सांगितलं. मजूर एकमेकांकडे बघायला लागले. मिस्त्री म्हणाले, "उन्हात टेपवरचे आकडे दिसत नाहीत जी, मॅडम. या, सावलीतून पुन्हा पाहा." मी पुन्हा पाहिलं आणि बरोबर माप सांगितलं. विषय संपला. त्यांचं वय पन्नाशीच्या पुढे होतं, रोज कामठीहून दोन ऑटो बदलून यायचे, आणि मला काही येत नाही हे त्यांनी कधी कुणाला कळू दिलं नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या एका कॉलमला पोट आलं होतं, म्हणजे काँक्रीट बाहेर फुगलं होतं. ते छिन्नीनं तासून काढायचं होतं. आतली सळई उघडी पडते का हे बघायला मी अगदी जवळ जाऊन उभी राहिले. डोळ्यांना लावायचे चष्मे स्टोअरमध्ये दोनच होते आणि त्यातला एक वेल्डरकडे होता. मिस्त्रींनी आपल्या डोळ्यांवरचा काढून माझ्या हातात दिला.

"तुमी घाला. मले सवय हाये."

मी घातला. त्यानंतर मी या गोष्टीवर खूप विचार केला आहे, पण त्या वेळी मी काहीही विचार न करता तो घातला.

चौथ्या की पाचव्या घावाला काँक्रीटची कपची उडाली. ते ओरडले नाहीत. खाली बसले, डाव्या डोळ्यावर तळवा दाबून धरला आणि म्हणाले, "काही नाही, धूळ गेली." त्यांच्या बोटांमधून रक्त आलं नाही. पाणी आलं, जरासं गुलाबी.

डोळ्याची दृष्टी गेली ती गेलीच. डॉक्टरांनी तो डोळा काढून टाकायचा सल्ला दिला होता. असा दुखावलेला डोळा कधीकधी चांगल्या डोळ्यालाही सोबत ओढतो, असं त्यांनी समजावून सांगितलं. मी तिथं होते. मिस्त्रींनी मान हलवली. "राहू द्या जी. दिसत नाही तर नाही, जागेवर तर हाये." मग डॉक्टरांनी औषधं दिली आणि दर महिन्याला तपासायला या म्हणून बजावलं. ते दोनदा गेले. नंतर काम होतं.

दीड महिन्यानं साईटवर आले तेव्हा सगळे त्यांच्याभोवती जमले. ते एका भिंतीसमोर उभे राहिले, पाय पुढे, मान कललेली, आणि म्हणाले, "आता मिटायची मेहनत वाचली." सगळे हसले. मला हसता आलं नाही.

भिंत त्यांना अजूनही बरोबर दिसायची. पण एका डोळ्यानं अंतर कळत नाही, हे आम्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी चहा कपात ओतला तर तो कपाच्या अलीकडे पडायचा. कुणी खिळा पुढे केला तर त्यांचा हात खिळ्याच्या मागं जाऊन मिटायचा. जिना उतरताना शेवटची पायरी संपली असं वाटून ते पाय टाकायचे आणि खाली आणखी एक पायरी निघायची. परांचीवर एकदा फळीऐवजी हवेवर पाय पडला. हाताला बांबू लागला म्हणून वाचले. त्याच दिवशी ठेकेदारानं त्यांना खाली स्टोअरमध्ये बसवलं. सिमेंटची पोती मोजायची, फावडी द्यायची आणि घ्यायची. तीस वर्षं वर चढलेला माणूस पत्र्याच्या खोलीत कुलरसमोर बसला.

दुपारच्या सुट्टीत मीही त्याच खोलीत डबा खायची. जेवण झालं की माझ्या टॅबवर एक खेळ खेळायची. साधा खेळ. जमीन बाजूनं कापलेली दिसते, वर गवत, खाली माती, त्याखाली दगड, मधे पोकळ्या, पाणी, कुठं तांबं, कुठं सोनं. त्यात बोटभर उंचीचा आपला माणूस. खणायचं, मिळेल ते गोळा करायचं, त्याचं घर बांधायचं. अंधार पडला की प्राणी येतात, त्यांच्याशी लढायचं. मी सोन्याच्या मागं असायची. खोल विवरात उतरायची, मरायची, पुन्हा उतरायची. दिवसभर दुसऱ्याच्या नकाशावर, दुसऱ्याच्या परवानगीनं काम केल्यावर अर्धा तास असं कुणालाही न विचारता खणत सुटायला मला फार बरं वाटायचं.

एकदा मिस्त्री माझ्या मागं येऊन उभे राहिले.

"हे काय करून राहिले मॅडम?"

"खेळ आहे."

ते वाकले. बराच वेळ बघत राहिले. "हा तर सेक्शन हाये."

त्यांचं बरोबर होतं. इमारत उभी कापली तर आत कसं दिसेल याचं जे चित्र आम्ही काढतो, त्याला सेक्शन म्हणतात. नवे मजूर ते बघून गोंधळतात. मिस्त्री मात्र आयुष्यभर जग तसंच बघत आले होते.

"नकाशा कोनाचा?"

"कुणाचाच नाही. आपला आपण."

"मंग चुकलं तर?"

"चुकलं तर तोडायचं. वीट परत मिळते."

"साबूत?"

"साबूत."

"इथं तर तोडलेल्या विटेचा चुराच होते," ते म्हणाले, आणि हात पुढे केला. हात टॅबच्या पलीकडे गेला. मी टॅब त्यांच्या हातात ठेवला.

पहिल्याच दिवशी त्यांनी पाया खणला. मी सांगितलं की या खेळात पाया लागत नाही, घर हवेतसुद्धा उभं राहतं. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. मग दारावर लिंटेल टाकलं, वरच्या भिंतीचा भार पेलणारी आडवी तुळई. "मिस्त्री, इथं वरचं खाली येत नाही. लिंटेल कशाला?" तर म्हणाले, "मले दिसते ना." न्हाणीघराला उतार दिला. विहिरीला कठडा केला. घर झालं, तेव्हा समोर ओटा केला. आणि मग ते खाली उतरायला लागले.

मी जशी उतरायची तसे नाही. माझी विवरं म्हणजे उंदरानं पोखरल्यासारखी. त्यांनी सरळ उभा बोगदा घेतला, बाजूला पायऱ्या, दर दहा विटांवर एक मशाल, दर तीस विटांवर टेकायला एक कोनाडा. सोनं लागलं तरी ते वाकडे झाले नाहीत. "राहू द्या. आपल्या लायनीत नाही." प्राणी आले की ते लढत नसत. भिंत घालून जागा बंद करत. माझा माणूस पन्नास वेळा मेला असेल. त्यांचा एकदाही नाही.

एक दिवस त्यांनी माणसाला त्या बोगद्यातून वर आणलं, एका पायरीवरून दुसरीवर उड्या मारत. मधे एक पायरी मुद्दाम सोडलेली होती. माणूस ती ओलांडून बरोबर पलीकडच्या पायरीवर उतरला. त्यांनी तीच उडी पुन्हा मारली. पुन्हा एकदा. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, इथं मी पडत नाही."

तेव्हा मला कळलं. त्या जगात लांबी होती, उंची होती, पण पुढं-मागं असं अंतरच नव्हतं. तिथं सगळ्यांनाच एक डोळा पुरतो.

मी टॅब त्यांनाच देऊन टाकला. घेताना संकोचले, पण घेतला. त्यानंतर ते साईटवर येताना पुन्हा जरा ताठ चालायचे. मजुरांना ते बांधकाम दाखवायचे. तीन गवंडी वाकून वाकून बघायचे आणि पायऱ्यांच्या मापावर खरी भांडणं व्हायची.

एकदा मी धीर करून म्हटलं, "मिस्त्री, त्या दिवशी तुमचा चष्मा..."

"कोनता चष्मा?" ते म्हणाले, आणि आणखी एक वीट ठेवली.

दिवाळीच्या सुमारास त्यांनी खेळातला उजेड कमी झाला अशी तक्रार केली. मी टॅबचा उजेड वाढवून दिला. चार दिवसांनी पुन्हा तेच. मग त्यांचा डोळा लाल दिसला. उजवा. मी त्यांना त्याच दिवशी दवाखान्यात नेलं, पण तक्रार सांगायच्या आधी त्यांनी किती दिवस गप्प काढले होते कोण जाणे. इंजेक्शनं झाली, गोळ्या झाल्या. तोंड सुजलं, डोळा मात्र विझत गेला. शेवटी तोंडासमोर हात हलवला तर काहीतरी हललं एवढंच त्यांना कळायचं.

मी कामठीला त्यांच्या घरी गेले. गल्लीत विणकरांच्या मागांचा खडखडाट होता, तो घरातही ऐकू येत होता. काकू, म्हणजे त्यांची बायको, दारातच हळू आवाजात म्हणाली, "दिवसभर भिंती चाचपून राहतात जी. मी काही बोलत नाही." आत ते खरोखर भिंतीशी उभे होते. माझा आवाज ओळखून हसले. "या मॅडम. वीस वर्षं राहून राहिलो या घरात. ही भिंत दोन सूत गेलेली हाये, आज हाताले समजलं. अवं, मॅडमले पानी दे."

पाणी झालं, चहा झाला. मग त्यांनी काकूला टॅब आणायला सांगितला. मी खेळ सुरू केला आणि टॅब त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी काचेवर तळहात ठेवला. मग बोटं पसरली आणि काच हळूहळू चाचपली, जशी मघाशी भिंत चाचपत होते तशी.

"इथं घर हाये ना?"

"हो. तुमचं बोट ओट्यावर आहे."

त्यांनी बोट पुढे सरकवलं. थांबवलं. परत आणलं.

"मंग लागत काहून नाही?"

त्यांनी नखानं दोनदा काच वाजवून पाहिली. आयुष्यभर वीट हातात घेऊन तिचा आवाज ऐकून ती पक्की की कच्ची हे सांगणारा माणूस. मग टॅब माझ्या बाजूला सरकवला. "घेऊन जा जी तुमी. इथं पडून खराब होईल."

मी म्हटलं, मी येत जाईन, तुम्ही सांगा तसं मी बांधते. ते बरं म्हणाले. मी त्यानंतर दोनदा गेले. त्यांना सगळं पाठ होतं. डावीकडे सात विटा, मग खाली बारा. मी बोट हलवायची आणि झालं म्हणून सांगायची. दुसऱ्या वेळी मधेच म्हणाले, "मॅडम, तुमी खरंच करून राहिले ना?" मी खरंच करत होते. पण ते त्यांना कळायला काही मार्ग नव्हता, आणि त्यांनी पुढचं माप सांगितलं नाही.

मग आमच्या स्लॅबची गडबड सुरू झाली आणि माझं जाणं राहिलं. मार्चमध्ये काकूचा फोन आला. ते गेले होते.

त्यांच्या गल्लीच्या टोकाला एका घराचं बांधकाम निघालं होतं. मिक्सरचा आवाज आला की ते उठायचे. काकू हात धरून न्यायची, ओळखीच्या गवंड्याजवळ बसवायची आणि तासाभरानं आणायची. त्या दिवशी ती नळावर होती. ते आवाजाच्या रोखानं एकटेच गेले, भिंतीला धरून जिना चढले आणि पहिल्या मजल्यावर पोचले. स्लॅबमध्ये डक्टसाठी, म्हणजे पाइप वरखाली न्यायला, चौकोनी मोकळी जागा सोडलेली होती. तिला कठडा नव्हता. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात संपले.

काकूला भेटून परत निघताना मी त्या बांधकामावर गेले. इंजिनिअर आहे म्हटल्यावर गवंड्याला वाटलं चौकशीला आले. तो घाबरला. मग कोण ते कळल्यावर रडायला लागला. "रोज येत होते जी. मालात हात घालून सांगत, पानी जास्त झालं. एकदा आमची अख्खी भिंत तोडाले लावली. हातानंच समजलं त्यायले. आमी ऐकत होतो त्यायचं."

तो टॅब माझ्याकडे आहे. मी त्यात एक वीटही वाढवलेली नाही आणि खेळ पुसलेलाही नाही. लोक विचारतात, एवढ्या साध्या चित्रांच्या खेळात मोठ्या माणसांना काय मिळतं. मी एखादं काहीतरी उत्तर देऊन टाकते.

त्या भेटीत, रडून झाल्यावर, गवंड्यानं मला वर नेलं. त्या मोकळ्या जागेवर आता तीन फळ्या टाकलेल्या होत्या. "लगेच टाकल्या जी, त्याच दिवशी," तो म्हणाला, आणि मला दाखवायला त्यावर उभा राहिला. मधली फळी त्याच्या पायाखाली सरकली. फळ्या कुठंही ठोकलेल्या नव्हत्या.

मी त्याला आधी खाली उतरायला सांगितलं. मग हातोडा आणि खिळे मागितले.