बापू वाऱ्यापुढं वाकले त्याची गोष्ट

आमच्या घरात सायकलचं शास्त्र फक्त मला येत होतं आणि सायकल फक्त बापूंना येत होती.

त्या साली माजलगावच्या धरणात पाणी कमी आणि ते बघायला आलेली माणसं जास्त, अशी परिस्थिती होती. ऊस वाळला, कडबा संपला. आमचे दोन बैल, हौशा आणि गुलब्या, रिकामी गव्हाण चाटून आमच्याकडं असे बघायचे, की आई गोठ्याकडं पाठ करून जेवायला बसायची. बाजारातला एक दलाल सारखा चकरा मारत होता. बापू त्याला चहा पाजायचे, आणि बैलांचा विषय निघाला की उठून जायचे.

अशात आमच्या सहकारी साखर कारखान्यानं हंगाम संपताना सायकल शर्यत जाहीर केली. बक्षीस काय? ट्रॉलीभर वाढं! उसाचे हिरवेगार शेंडे! त्या दुष्काळात सोन्याची अंगठी ठेवली असती तरी एवढी गर्दी झाली नसती. मी लगेच शड्डू ठोकला. पण अट अशी, की ज्याच्या नावावर कारखान्याचा शेअर त्यानंच पळायचं. आणि शेअर बापूंच्या नावावर. (सभासद म्हणजे बहुतेक सगळे नातवंडवाले. नाव द्यायला आलेल्यांत निम्मे खोकत होते.)

"म्या पळतो," बापू म्हणाले.

आईचा भाकरी थापणारा हात थांबला. "आवो, साठी आली जवळ. गुडघ्याला तरी इचारलं का?"

"गुडघ्याला कावून इचारू? त्येला चारा लागतो का?"

झालं. बापू स्पर्धक आणि मी, न विचारता, त्यांचा वस्ताद.

मी तेव्हा माजलगावला कॉलेजात होतो. तिथल्या वाचनालयात एका जुन्या मासिकात परदेशी सायकलपटूंवर लेख वाचला होता. सायकलवाल्याचा खरा शत्रू म्हणजे वारा. तो छातीवर आदळतो. म्हणून हँडलवर आडवं व्हायचं, पाठ जमिनीला समांतर करायची, की वारा वरून निघून जातो. (फार वाकलं तर दम कोंडतो आणि मांडीचा जोर जातो, हेही लेखात होतं म्हणे. पण पुढच्या पानावर. आणि ते पान कुणीतरी भेळीला वापरलं होतं!)

आता बापूंची बैठक ऐका. पाठ ताठ, छाती पुढं, डोक्याला भला मोठा पटका, मागं फडफडणारं धोतर. सायकल खाली होती म्हणून ओळखायची, नाहीतर वर सगळा घोडेस्वार!

"बापू, तुमी सायकल चालवत न्हाईत, तुमी वारा अडवताव."

"मग काय भ्यायचं का वाऱ्याला?"

"भ्यायचं न्हाई. वाकायचं."

बापूंनी माझ्याकडं असं बघितलं की जणू मी घर विकायला काढलं. "चेअरमनम्होरं वाकलो न्हाई म्या. वाऱ्याम्होरं वाकू?" हे मात्र खरं होतं. कारखान्याच्या सभेत उठून उभं राहून प्रश्न विचारणारे बापू एकटेच. दरवर्षी नेमका त्यांचाच माईक बिघडायचा, आणि दरवर्षी बापू माईकशिवाय मागच्या रांगेपर्यंत ऐकू जायचे. मला त्यांचा अभिमान होता. पण अभिमानाला वाऱ्यात काही किंमत नाही!

मी फक्त गोठ्याकडं बोट केलं. बापूंनी रिकाम्या गव्हाणीकडं बघितलं. मग म्हणाले, "दाव कसं वाकायचं ते."

मी हँडल उलटं बसवलं आणि सीट वर घेतली. बापू वाकले. गुडघा पोटाला लागला, पोट छातीला लागलं, आणि आतली सगळी हवा "हँक" करून बाहेर आली.

"श्वास कुठून घिऊ बे?"

"घेऊ नका! पायडल मारा!"

बापू सुटले. वेग असा, की मी नाचायलाच लागलो. एकच अडचण होती. तोंड खाली असल्यामुळं बापूंना पुढचं चाक सोडून जगातलं काहीच दिसत नव्हतं. समोरून बिरूमामा धनगर मेंढरं घेऊन येत होता. बापू थेट कळपात घुसले! सायकल गेली एकीकडं, बापू दोन मेंढरांवर आडवे.

बिरूमामा शांतपणे म्हणाला, "बापू, मेंढरू इकत घ्यायचं आसंल तर तोंडानं सांगावं."

त्यानंतर बापूंनी हँडल पुन्हा सुलटं केलं आणि जाहीर केलं, की मी माझ्या पद्धतीनं पळणार, तुझं शास्त्र तुझ्यापाशी ठिव.

शर्यत कारखान्याच्या गेटापासून दिंद्रुडच्या अलीकडच्या फाट्यापर्यंत आणि परत. जाताना वारा पाठीमागून होता. बापू ताठ बसले. पटका आणि धोतर यांचं शीड झालं आणि वाऱ्यानं त्यांना अक्षरशः ढकलत नेलं! मी माझ्या सायकलवर कडेकडेनं चाललो होतो. बापू सगळ्यांच्या पुढं! बाकीचे म्हातारे "आरं, ह्यो बापू का इमान?" म्हणून बघत राहिले.

पण फाट्यावर वळले आणि तोच वारा समोर उभा राहिला. बापूंची सायकल पुढं जायची का मागं, याचा विचार करायला लागली. तेवढ्यात शेजारून दगडूअण्णा गेले. दगडूअण्णा म्हणजे किडकिडीत म्हातारा. कंबरेतून निसर्गानंच वाकवलेला! त्यांना वारा लागतच नव्हता.

"बापू, वाका!"

"न्हाई!"

"बापू, वाढं चाललं!"

"तू गप ऱ्हाय!"

मग मला वाटलं, सांगून नाही, करून दाखवलं पाहिजे. मी जोरात त्यांच्या पुढं गेलो, हँडलवर छाती टेकवली, मान खाली घातली आणि ओरडलो, "बघा, आसं!" खरोखर वारा नाहीसा झाला. काय ती गती! काय तो आनंद! रस्ता उजवीकडं वळला, हे मला जरा उशिरा कळलं. मी कालव्याच्या कोरड्या चारीत, बाभळीच्या काट्यांत, डोक्यावर पडलो.

डोळे उघडले तर वर काठावर बापू. सायकल थांबवून उभे. मागचे दोघे त्यांच्या शेजारून निघून गेले होते.

"जित्ता हायस का?"

"हाय. तुमी जा!"

बापूंनी माझ्या कपाळाकडं बघितलं. मग त्यांनी डोक्याचा पटका काढला. चारचौघांत बापूंना बोडक्या डोक्यानं मी कधी बघितलं नव्हतं. पटका माझ्या अंगावर टाकून म्हणाले, "रगत येतंय. आवळून बांध." धोतराचा काचा मारला, सायकलवर बसले, आणि वाकले! पण माझ्यासारखे नाही. कोपरं मोडली, पाठ निम्मी वाकवली, नजर मात्र रस्त्यावर.

मागून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं मला उचलून ट्रॉलीत घातलं, म्हणून पुढचं बघायला मिळालं. त्या दोघांना बापूंनी सपाटीलाच गाठलं. गेटाच्या आधी मोठा चढ आहे. तिथं दगडूअण्णा पुढं होते. बापू चढापर्यंत वाकून आले, आणि चढ लागताच पायडलवर उभेच राहिले! सगळं अंग एका पायावरून दुसऱ्या पायावर टाकत, तोंडानं "हौशाऽऽ, गुलब्याऽऽ" करत. मी ट्रॉलीत उभा राहून ओरडत होतो. काय ओरडत होतो ते आठवत नाही, पण त्यात शास्त्र नव्हतं. गेटात बापूंचं चाक दगडूअण्णांच्या चाकापेक्षा हातभर पुढं गेलं.

बक्षीस देताना चेअरमनसाहेबांनी माईक बापूंच्या हातात दिला. म्हणाले, "सांगा सभासदांना, कसं जमवलं?"

बापू अजून धापा टाकत होते. "माझं पोरगं कॉलेजात हाय," ते म्हणाले. "कुठं वाकायचं, कसं वाकायचं, समदं त्यानं शिकवलं. फक्त म्होरं बघायचं तेवढं म्या माझ्या मनानं केलं!"

सगळा मांडव माझ्याकडं वळला. डोक्याला वडिलांचा पटका, तोंडावर बाभळीचे ओरखडे, एका पायात चप्पल. शेजारच्या म्हाताऱ्यानं मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि बायकोच्या कानात आदरानं म्हणाला, "येवढं लागलंय, म्हंजी लईच शिकलेलं दिसतंय!"