बंद कशी पडते ते सांग

बेबीकाकी नसत्या तर मी आज गावी परत गेलो असतो, नाहीतर कुठल्यातरी बिल्डिंगच्या गेटवर अजून रजिस्टर धरून बसलो असतो. त्यांचं नाव आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुम्हाला त्यांचा राग येईल. मलाही यायचा. अजूनही येतो कधीकधी.

भाईंदरजवळ हाटकेशला गाळ्यांच्या रांगेत शेवटचं गॅरेज त्यांचं. नवरा गेला तेव्हा सगळ्यांना वाटलं, काकी गाळा भाड्यानं देतील. पण पंधरा वर्षं नवऱ्याचा डबा घेऊन यायच्या तेव्हा त्या नुसत्या बसत नव्हत्या, बघत होत्या. तेरावं आटोपलं, आणि चौदाव्या दिवशी साडीवर नवऱ्याचा खाकी शर्ट चढवून त्यांनी पाना हातात घेतला.

माणूस घामाघूम होऊन मोटरसायकल ढकलत यायचा. त्याला ना पाणी, ना बस म्हणणं. पहिला प्रश्न एकच. "बंद कशी पडते ते सांग. का पडते ते नको सांगू. ते तुला समजलं असतं तं हितं आला नसतास." थंड असताना पडते की तापल्यावर? चढावर की सिग्नलला? झटके देत की झोप लागल्यासारखी? कुणी घाईत म्हणालं, "काकी, फक्त कार्बोरेटर साफ करून द्या," तर त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर द्यायच्या. "घे, कर. मी चहा पिते."

मग टाकीत नाक घालायच्या. "ही गाडी महिनाभर उभी होती. पेट्रोल शिळं झालंय." गिऱ्हाईक चाट पडायचं, कारण ते खरंच गावाला जाऊन आलेलं असायचं. एवढं झाल्यावर पदर खोचून स्वतः गाडी काढायच्या आणि ती बंद पडेपर्यंत फिरवायच्या. भर रस्त्यात गाडी बंद पडली की बाकीच्यांचा चेहरा उतरतो. काकींचा खुलायचा.

मी हिंगोली जिल्ह्यातला. नववीत शाळा सोडली. भाईंदर पूर्वेला आत्येभावाकडे आलो, तिथल्याच इंद्रलोक वसाहतीत चार वर्षं वॉचमनची नोकरी केली, आणि तेविसाव्या वर्षी काकींच्या दारात उभा राहिलो.

"शाळा कशाला सोडलीस?"

"घरची परिस्थिती..."

"परिस्थिती नको सांगू. गणित यायचं न्हाय ना?"

खरं होतं. आईलासुद्धा मी ते कधी सांगितलं नव्हतं. काकींनी माझं नाव विचारलं आणि लगेच टाकून दिलं. तेव्हापासून मी 'हिंगोली'. "ए हिंगोली, तुझा हात चालतो. डोकं मागच्या गाडीनं येतंय काय?" हे गिऱ्हाइकांसमोर. गिऱ्हाईक हसायचं, मीही हसायचो. नोकरी जाईल या धास्तीनं मी कशालाही हसायचो.

त्या धास्तीतूनच फैयाजचं प्रकरण झालं.

फैयाज पार्सलं पोचवायचा. पावसाळ्यात त्याच्या टाकीत पाणी गेलं म्हणून गाडी माझ्याकडे आली. मी टाकी रिकामी केली, धुतली, सुकवली. आणि पुन्हा पाणी जाऊ नये म्हणून, त्यानं न सांगता, दुधाच्या पिशवीचा गोल तुकडा कापून झाकणाखाली घट्ट बसवला. पावसात पुष्कळ लोक असं करतात. फैयाज खूश झाला. मीही.

आठवड्यात तो परत आला. "भाई, पंद्रह-बीस मिनट चलती है, फिर बंद. थोडी देर रुको तो फिर चालू."

मी झाकण उघडून पेट्रोल बघितलं, कार्बोरेटर खोलून साफ केला, गल्लीत एक चक्कर मारली. गाडी झकास. काकींनी आतून विचारलं, "हिंगोली, बंद पडेपर्यंत चालवलीस?"

"हो काकी, पार स्टेशनपर्यंत."

खोटं. त्या दिवशी आणखी चार गाड्या उभ्या होत्या, आणि काम उरलं की काकी काय बोलतील त्याची मला भीती होती. फैयाज दुसऱ्यांदा आला, तिसऱ्यांदा आला. मी तेच केलं आणि तेच सांगितलं. दर वेळी झाकण उघडताना माझा प्लॅस्टिकचा तुकडा जागेवर आहे ना, तेही बघितलं. होता.

चौथ्यांदा गाडी आली ती टेम्पोतून. घोडबंदर रोडच्या पुलावर चढताना ती बंद पडली होती आणि मागून गाडी येऊन धडकली होती. फैयाजचा पाय दोन जागी मोडला होता. सोबत त्याचा मोठा भाऊ होता, डोळे लाल.

काकींनी वाकडं हँडल सरळ करायला लावलं आणि म्हणाल्या, "चालव. माझ्यासमोर." सवयीनं माझा हात टाकीच्या झाकणाकडे गेला. त्यांनी हातातला पाना माझ्या बोटांवर मारला. "ते न्हाय उघडायचं. तशीच चालव."

मी गॅरेजसमोर, त्यांना दिसेल असा, गोल गोल फिरत राहिलो. पाच मिनिटं. दहा. हात सुजत होता. सतरा-अठरा मिनिटं झाली असतील, आणि गाडी झोप लागल्यासारखी बंद पडली.

"आता उघड. कान जवळ ने."

मी झाकण फिरवलं. बुडणारा माणूस पाण्याबाहेर येऊन श्वास ओढतो तशी टाकीनं हवा आत ओढली. झाकणाला बारीक भोक असतं. पेट्रोल जेवढं खाली उतरतं तेवढी हवा त्यातून आत यावी लागते. हवा नाही आली की टाकी पेट्रोल धरून ठेवते, खाली सोडत नाही. गाडी थांबवून ठेवली की हळूहळू हवा झिरपते, मग ती पुन्हा चालू होते. मी तपासायच्या आधी झाकण उघडत होतो. म्हणजे दर वेळी बिघाड मीच घालवत होतो, आणि बंद करताना मीच परत बसवत होतो.

काकींनी दोन बोटांनी तो तुकडा काढला आणि सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "हे कोनी लावलं?"

पेट्रोल पंपावर लावला असेल, असं म्हणता आलं असतं. वाक्य जिभेवर आलंही होतं. काकी माझ्याकडे बघत होत्या.

"मी."

भावानं खाडकन माझ्या थोबाडीत दिली. काकींनी ती पडू दिली. दुसऱ्यांदा हात उगारला तेव्हा मात्र मध्ये पाना धरला. "एक बस झाली. याचा हात मोडला तं तुझ्या भावाची गाडी कोन बनवेल?" मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हॉस्पिटलात जा. त्याला तूच सांग. मी येनार न्हाय."

गेलो. फैयाजचा पाय वर टांगलेला. मी सगळं सांगितलं, खोटंसुद्धा. तो छताकडे बघत म्हणाला, "तीन बार आया था मैं. एक बार भी चलाके नहीं देखा तूने." एवढंच. ते त्यानं ओरडून सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी पिशवी भरून मी गॅरेजच्या चाव्या परत करायला गेलो. काकी इंजिनावर वाकलेल्या होत्या, वरसुद्धा बघितलं नाही.

"पळतोस? पळ. हिंगोलीतल्या टाक्यांना बी झाकनं असतात."

मी पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि फडकं उचललं.

पण म्हणून त्यांनी माफ केलं, असं समजू नका. पुढचं वर्षभर नवं गिऱ्हाईक आलं की काकी माझी ओळख करून द्यायच्या. "ह्यानं एकाचा पाय मोडलाय. गाडी ह्याच्या हातात देतोस की थांबतोस माझ्यासाठी?" काहीजण गाडी घेऊन सरळ निघून जायचे. काही थांबायचे. जे थांबायचे त्यांची गाडी मी भाईंदरच्या खाडीपर्यंत नेऊन आणायचो, दोन-दोन वेळा. शेजारचा चहावाला एकदा म्हणाला, "काकी, पोराला किती छळताय? आता सोडा की." काकी म्हणाल्या, "मना बरं वाटतं."

मला शिकवण्यासाठी त्या तसं करत होत्या, असं लिहिलं तर छान दिसेल. पण त्यांना खरंच बरं वाटत असावं. फैयाजचा पाय जुळला, थोडा आखूड राहिला. तो आता गोडाउनमध्ये बसून पार्सलं वेगळी करतो. माझ्या हसण्यानं किंवा रडण्यानं तो पाय लांब होणार नव्हता, आणि काकींनी मला ते एक दिवसही विसरू दिलं नाही.

मग एका तापानंतर काकींचं नाक गेलं. पेट्रोलची बाटली रोज सकाळी माझ्याकडून नाकाशी धरवून घ्यायच्या. "शिळं की ताजं?" मीच विचारायचो. एका सकाळी त्यांनी ती बाटली माझ्या अंगावर फेकली आणि परत कधी मागितली नाही. पुढे गुडघे गेले. मुलानं त्यांना इंद्रलोकला आपल्या फ्लॅटवर नेलं. जाताना मला म्हणाल्या, "गाळा चालव. पाटीवर नाव माझंच ठेव. तुझं वाचून कोन येनार?"

गेल्या महिन्यात मुलाला सुट्टी नव्हती, म्हणून काकींना डॉक्टरकडे न्यायला मी गाडी घेऊन गेलो. पूर्ण खोलून बांधलेली, चार दिवस चालवून बघितलेली. काकी काठी टेकत खाली आल्या. झाकण उघडलं, भोकावर बोट फिरवलं. चालू करायला लावली, बंद करायला लावली, पुन्हा चालू करायला लावली.

"कुठवर नेलीस?"

"वसईच्या पुलापर्यंत. तीनदा."

"खरं?"

"खरं, काकी."

काकींनी स्वतः झाकण लावलं. मग काठी वर करून रिक्षा थांबवली.

"अजून एक गुडघा जरा बरा हाय," बसता बसता म्हणाल्या. "तेवढा राहू दे."

मी त्या रिक्षाच्या मागोमाग दवाखान्यापर्यंत गेलो, आणि परतही आलो. गाडी एकदाही बंद पडली नाही. काकींनी मागे वळून बघितलं नाही.

काकी, तुम्ही मला त्या दिवशी हाकललं असतं तर कुणी तुम्हाला नावं ठेवली नसती. तुम्ही ठेवून घेतलंत आणि माझ्यावर विश्वासही ठेवला नाहीत. हे दोन्ही उपकार माझ्यावर आहेत, आणि मी ते फेडणार आहे. एक दिवस तुम्ही स्वतःहून माझ्या गाडीवर बसाल, आणि तुम्हाला जिथं जायचं असेल तिथं मी तुम्हाला नेऊन परत आणीन. तोवर रोज एक गाडी खाडीपर्यंत नेतो आहे.